रिकाम्या पोटाचं प्रवचन

राजा धैर्यराजाच्या विद्यालयातली मुलं पाठ म्हणता म्हणता चक्कर येऊन पडू लागली. कुणी शिकलेलं विसरे, कुणी विनाकारण भांडे, कुणी भिंतीकडे तोंड करून नुसतं पडून राही. राजाने मुलांसमक्षच कुलगुरू नीलकंठशास्त्रींना जाब विचारला.

"आळस, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांना पालखीतून उतरवायला चौघे लागले होते. "एकवेळचं जेवण देतो, तेही जास्त होतंय. रिकाम्या पोटी बुद्धी तल्लख होते, असं माझं मत आहे."

गोजरा नावाची विद्यार्थिनी उठली. कोष्ट्याची पोर, पण जिभेला धार.

"आळस नाही महाराज, भूक आहे."

"मला तर कुठे दिसत नाही," राजा म्हणाला. "उद्या दरबारात दाखव. उपाशी मुलं आणून उभी करायची नाहीत, रडगाणंही नको. नाही जमलं, तर गाठोडं बांध आणि बापाचा माग चालव."

"दाखवते. फक्त शास्त्रीबुवांनी आपल्या मतावर प्रवचन करावं. ते संपेपर्यंत दरबारात कुणी काही खाऊ नये. म्हणजे सगळ्यांचीच बुद्धी तल्लख राहील."

शास्त्रीबुवा खूश झाले. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला आजवर कुणी तयार नव्हतं.

सकाळी न्याहारी न करताच प्रवचन सुरू झालं. पहिला प्रहर झकास गेला. मग मुदपाकखान्यातून बेसन भाजल्याचा वास आला आणि शास्त्रीबुवा अडखळले. एकच श्लोक त्यांनी तीनदा म्हटला. उपवासाचे फायदे सांगता सांगता पुरणपोळीचे सांगू लागले. इकडे राजा पंखेवाल्यावर खेकसला, प्रधानाला मूर्ख म्हणाला. दुपार कलली तेव्हा शास्त्रीबुवांनी खांबाला मिठी मारली.

"पुढे बोला की," राजा ओरडला. "तोंडपाठ होतं ना?"

"कसं बोलू? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. डोकं चालेल कसं?"

राजाने रागाने गोजराकडे पाहिलं.

"आणि तू? अख्खा दिवस घालवलास. कुठे आहे तुझी भूक?"

"आत्ता बोलली ती कोण होती, महाराज? सकाळी प्रवचन शास्त्रीबुवा करत होते. दुपारपासून तीच करतेय."

राजाने प्रधानाकडे वळून पाहिलं. "आणि प्रधानजींना मूर्ख कोण म्हणालं?"

"ते आपण ठरवावं. मी तिच्यावरच ढकलेन."

राजा इतका हसला की त्याचा मुकुट कलला. त्याने गोजराच्या हातात विद्यालयाच्या कोठाराच्या किल्ल्या दिल्या आणि हुकूम सोडला, "मुलांना दोन्ही वेळ पोटभर जेवण. शेवटची पंगत उठेपर्यंत शास्त्रीबुवांचं पान मांडायचं नाही."

"उद्यापासून ना, महाराज?" खांबाआडून क्षीण आवाज आला.

"आजपासून," राजा म्हणाला. "बुद्धी अजून पुरती तल्लख झालेली नाही तुमची."