रिकामा जनाजा

खाडीकाठच्या एका गावात पूर्वी एक वृद्ध काझी राहत असत. गावातील तंटे त्यांच्या ओसरीवरच मिटत. पण एका तंट्यापुढे तेही हतबल झाले होते.

दिलावर आणि इसहाक हे दोन मित्र एकाच होडीतून मासेमारीला गेले आणि इसहाक एकटाच परतला. दिलावरचे प्रेतही मिळाले नाही. तेव्हापासून खाडीवरचे धुके दुपारीही विरत नसे. गावातील कुत्री काठावर पाण्याकडे तोंड करून बसत, पण भुंकत नसत. दिलावरचा धाकटा भाऊ जुनेद मात्र घरोघर सांगत फिरे, "इसहाकनंच माझ्या भाईला ढकललं. मी त्याला सोडणार नाही." त्याच्या कमरेला कोयता असे.

काझींचा शिष्य मुबीन नुकताच धर्मशास्त्र शिकून आला होता. तो म्हणाला, "काझीसाहेब, इसहाकला मशिदीत शपथ घालू या. प्रश्न मिटेल."

काझींनी नकारार्थी मान हलवली. "प्रेत मिळालं नाही, म्हणून उद्या दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दिलावरचा गायबाना नमाज पढू. मशिदीतला प्रेत वाहायचा जनाजा बाहेर काढून ठेव."

मुबीन चकित झाला. "प्रेत नसताना जनाजा कशाला? किताबात असं कुठेच नाही."

"नमाजात नाही, हे खरं. हे नमाजाच्या आधीचं आहे."

दुसऱ्या दिवशी मुबीनने चादर घातलेला रिकामा जनाजा मशिदीच्या अंगणात ठेवला होता. काझींनी जुनेद आणि इसहाकला पुढच्या बाजूस उभे केले.

"याच्या शेजारी?" जुनेद ओरडला.

"कोयता इथं ठेव. भावाला खांदा द्यायचा आहे."

जुनेदने कोयता ठेवला. मागे मुबीन आणि आणखी एक जण असे दोघे उभे राहिले. जनाजा उचलला तेव्हा पिसासारखा हलका होता. माणसे धुक्यातून कब्रस्तानाकडे निघाली. खाडी जवळ आली तसा मुबीनचा खांदा दुखू लागला. लाकूड मांसात रुतत होते. त्याने जुनेदकडे पाहिले. त्याच्याही कपाळावर घाम होता. एकाएकी जनाजा इसहाकच्या बाजूला कलला.

"मी ढकललं नाही," तो हुंदका देत म्हणाला. "लाटेनं नेलं त्याला. पण तो हाका मारत होता, जुनेद. होडी वळवली असती तर पोचलो असतो. मी घाबरलो. मी वल्हवत राहिलो."

सगळे जागीच थबकले. जुनेदच्या हातांच्या शिरा तटतटल्या. पण दोन्ही हात जनाज्याच्या दांड्यावर होते.

"काय म्हणत हाका मारत होता?" त्याने विचारले.

"आधी माझं नाव घेतलं. मग नुसतंच, अम्मा, अम्मा."

जुनेदने खांद्यावरचा दांडा सावरला. मग तो म्हणाला, "नीट उभा राहा. जनाजा कलंडतोय." आणि माणसे पुढे चालू लागली.

नमाज आटोपल्यावर मुबीनने हलक्या आवाजात विचारले, "काझीसाहेब, आत दगड ठेवला होता का?"

"चादर तूच घातलीस ना?"

मुबीनने दुखरा खांदा चोळला.

काझी म्हणाले, "मलाही त्याचा उलगडा होत नाही, बाळा. मला एवढंच ठाऊक होतं की शपथ घातली असती, तर 'मी ढकललं नाही' असं इसहाक म्हणाला असता. ते खरंच होतं. पण जुनेदला ते कधीच पटलं नसतं, आणि उरलेलं सत्य इसहाकच्या पोटातच कुजलं असतं. विचारणाऱ्यासमोर माणूस स्वतःला सांभाळून बोलतो. खांद्यावर मृत माणूस असला की स्वतःला सांभाळायला हात मोकळे राहत नाहीत. मारायलाही राहत नाहीत. आपल्या पूर्वजांनी हे विधी उगाच घालून दिलेले नाहीत."

"मग इसहाकला शिक्षा?"

काझींनी समोर बोट दाखवले. जुनेद आणि इसहाक दिलावरच्या घराकडे चालले होते. दोघांमध्ये हातभर अंतर होते. उंबऱ्यापाशी इसहाकचा पाय अडला. जुनेद आत गेला आणि त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, "अम्मा, इसहाक आलाय. भाई शेवटी काय बोलला, ते तो सांगणार आहे."

आणि मग त्याने स्वतः बाहेर येऊन इसहाकचा हात धरला.