माणसाचे तिसरे माप

एका राज्यात भरदरबारी भांडण जुंपले होते. राणी उत्पला सिंहासनाची पायरी उतरून थेट इतिहासकारांच्या गादीपुढे आडवी उभी होती.

"तोंड उघडाल तर खबरदार!" ती म्हणाली. तिच्या खांद्यावर एक साळुंकी बसली होती.

"राणी, बाजूला हो," राजा वज्रसेन म्हणाला. "एकच बोल उरला आहे, आणि सूर्य कलला आहे."

बोल कसला, ते ऐका. राजाला डोंगराच्या पोटात एका मेलेल्या मांत्रिकाची पेटी सापडली होती. आत अपार धन आणि वर शाप. 'माणूस म्हणजे काय' हे जो सांगेल त्याला पेटी उघडेल. बोल तीनच मिळतील. बोलात जो बसणार नाही, तो तत्क्षणी पक्षी होईल. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पेटी उघडली नाही, तर पक्षी ते पक्षीच राहतील. शहाण्या माणसाने ती पेटी होती तिथेच पुरली असती. पण धनाचा वास लागला की राजाची अक्कल चरायला जाते.

त्या राज्याची रीत अशी, की दरबारात प्रत्येक शास्त्राला वेगळी गादी, आणि एका गादीने दुसरीच्या शास्त्रात तोंड घालायचे नाही. पहिल्या दिवशी वैद्यराज उठले. "दोन हात, दोन पाय, ताठ कणा, तो माणूस." पेटी ढिम्म हलली नाही. लढाईत हात गमावलेले शिपाई मात्र पारवे झाले, आणि कंबरेत वाकलेल्या म्हाताऱ्या चिमण्या होऊन वळचणीला बसल्या. दुसऱ्या दिवशी तर्कपंडित उठले. "ज्याला वाणी आणि विचार, तो माणूस." मुके उडाले, भ्रमिष्ट उडाले, आणि राज्यातले सगळे पाळणे एका दमात रिकामे झाले. राणीची अंगावर पिणारी लेक साळुंकी झाली, आईच्या खांद्यावर बसली आणि स्पष्ट म्हणाली, "आई, भूक."

तिसऱ्या दिवशी राणी तिला तशीच घेऊन दरबारात आली होती.

"बोलते ना ही?" तिने तर्कपंडितांना विचारले. "मग आता बसते ना तुमच्या मापात?"

"बोलते खरी, राणीसाहेब. पण पंखांचा निर्णय माझ्या गादीचा नव्हे."

वैद्यराज खाकरले. "पंख आहेत, तेव्हा..."

"काल बोलत नव्हती म्हणून माणूस नाही, आज बोलते तर पंख आहेत म्हणून नाही! वैद्यराज, हिचा पहिला टाहो कोणी ऐकला?"

"मीच ऐकला."

"काय म्हणालात तेव्हा?"

"कन्यारत्न झाले, म्हणालो."

"मग काल हे पंडित बरळले, तेव्हा तुमची जीभ काय गहाण पडली होती?"

"तर्क माझा विषय नव्हे, राणीसाहेब."

"विषय! पाळण्यातली पोरं उडून गेली, आणि तुम्ही विषय सांभाळत बसलात!"

इतिहासकारांनी हात जोडले. "माझा बोल पिढ्यांचा आहे. राजकन्येच्या सात पिढ्या मला मुखोद्गत आहेत. ती खात्रीने परत येईल."

साळुंकीने राणीच्या मानेत चोच खुपसली.

"आणि ज्यांना आपला बाप ठाऊक नाही, ते?"

"त्यांच्याविषयी पुरावा नाही, राणीसाहेब."

तेवढ्यात पेटीतून आवाज आला. "राणी, तूच बोल. म्हण, जो दुसऱ्याला मापून बाहेर टाकतो, तो माणूस नव्हे. हे तिघे घुबडे होतील आणि लेक तुझ्या कुशीत येईल."

इतिहासकारांनी पागोटे दोन्ही हातांनी दाबून धरले. वैद्यराज आणि तर्कपंडित उठले ते इतिहासकारांच्याच गादीवर येऊन बिलगले. तीन विद्वान एका गादीवर आजवर कोणी पाहिले नव्हते. उन्हाची शेवटची तिरीप उंबरठ्यावर होती.

"राणी, म्हणून टाक," राजा कळवळला.

राणीला राग असा, की तो बोल ओठांवर आलाच होता. तिने तो गिळला. मग ती पेटीकडे वळली आणि बोलली.

पेटीची कडी काडकन तुटली. खांद्यावरची साळुंकी जड झाली, इतकी की राणीला ती दोन्ही हातांनी सावरावी लागली. आता तिला 'आई' म्हणता येत नव्हते, नुसते भोकाड पसरता येत होते. वळचणीवरून म्हाताऱ्या गुडघे धरून कुरकुरत उतरल्या, शिपाई उतरले, घरोघरचे पाळणे एकदम रडू लागले. पेटी उघडी पडली होती, पण तिच्यात डोकावून बघायला राजासुद्धा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी दरबारातल्या गाद्या उचलल्या गेल्या आणि एकच लांबलचक जाजम पडले. त्यावर जो तो दुसऱ्याच्या शास्त्रात खुशाल तोंड घालू लागला.

आणि ज्या बोलाने त्या दिवशीचे भांडण मिटले, तो एवढाच होता: "माप-बीप नाही माझ्यापाशी, उडाले ते माझे, उरले ते माझे, आणि हे तीन दीडशहाणेसुद्धा माझेच!"