कड्यातली भेग

पूर्वी एका डोंगरकड्याखाली वानरांची टोळी राहत असे. एक म्हातारी घोरपड दर पावसाळ्यानंतर वानरांच्या पिल्लांना कड्यावर नेई आणि तिथल्या भेगेत हात घालायला लावी. भेगेत पाणी मुरतं, दगड सुटत जातो, असं ती सांगे.

"पोरांना नाही ते शिकवू नकोस," टोळीचा म्होरक्या म्हणाला. "डोंगर कधी हलतो का?"

एका वर्षी पिंगी नावाच्या पिल्लाचा हात खांद्यापर्यंत आत गेला. आदल्या वर्षी फक्त बोटं शिरली होती. घाबरून तिने आईला ओढतच दूरच्या झाडीत नेलं. मागोमाग सगळ्या आया निघाल्या. नाइलाजाने म्होरक्याही गेला.

चार दिवसांनी कडा कोसळला.

घोरपड पिल्लांना तिथे घेऊन गेली. "डोंगर असाच घडत असतो," ती म्हणाली.

म्होरक्या पिल्लांच्या रांगेत शेवटी जाऊन बसला.