सुईणआजीची कोरडी पाटी

फार फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाला एक तळं होतं. खरं सांगायचं तर तळ्यालाच एक गाव होतं, कारण तळं आधीचं आणि माणसं नंतर येऊन राहिलेली. तळ्याला दगडी घाट होता. घाटाला पंधरा पायऱ्या. भर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बायका पंधराव्या पायरीपर्यंत उतरायच्या, पण घागर रिकामी घेऊन कुणी वर आली नाही.

दर पावसाळ्यात डोंगरावरची माती वाहून येई आणि तळ्यात बसे. ती काढली नाही तर एक दिवस तळं मातीनंच भरेल, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली होती. अमावस्येला नांगर जुंपायचा नाही, बैलांना विसावा द्यायचा. पण उन्हाळ्यातल्या प्रत्येक अमावस्येला घरटी एका माणसानं आपली बांबूची पाटी, म्हणजे टोपली, घेऊन तळ्यावर यायचं. दिवसभर गाळ काढून बांधापलीकडे टाकायचा आणि पाटी बांधावर पालथी घालून घरी जायचं.

संध्याकाळी गावचा पाटील बांधावरून फेरी मारी. पाटी चिखलानं माखलेली दिसली की त्या घरानं काम केलं. पाटी कोरडी दिसली तर बोलणी नाहीत की भांडण नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरानं पाणी सगळ्यांच्या शेवटी भरायचं, एवढंच. शिक्षा केवढीशी, पण रांगेत शेवटी उभं राहायची लाज फार मोठी वाटे.

गावातल्या साऱ्या पाट्या एक बुरूड विणायचा. त्याच्या हातात कसब होतं. प्रत्येक घराच्या पाटीला तो काठाशी वेगळी वीण घाली, त्यामुळे कुणाची पाटी कुठली हे लांबूनही ओळखू येई. तळ्यावर गाळ काढायलाही तोच सगळ्यांच्या पुढे असे.

एका वर्षी लग्नसराई जोरात होती. बुरुडाकडे सुपांचं आणि तांदूळ धुवायच्या रोवळ्यांचं काम साचलं होतं. अमावस्या आली तेव्हा तो शेजारच्या सुताराला म्हणाला, "दादा, आजच्या दिवस माझी पाटी तेवढी घेऊन जा. जमेल तेवढा गाळ टाक तिच्यातनं. पाटी आली म्हणजे मीच आलो की."

सुतारानं त्याची पाटी नेली. गाळानं माखून बांधावर पालथी घातली. पाटलानं पाहिली आणि पुढे गेला. बुरुडाला वाटलं, सुटलो एकदाचा!

आणि असं एकदा सुटलेलं माणूस पुन्हा आपणहून कशाला अडकतंय? पुढच्या अमावस्येला बुरुडाची पाटी गेली, बुरूड गेला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला सुतारानंही आपली पाटी कुंभाराकडे दिली. कुंभारानं वाण्याकडे दिली. दोन-तीन वर्षांत अशी पाळी आली की सकाळी बायका नाहीतर लेकरं येत, पाटी बांधावर ठेवत आणि माघारी वळत. जो तो म्हणे, "गाव करील ते राव काय करील!" गाव म्हणजे कोण, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. खुद्द पाटलाचीही पाटीच यायची, आणि तो संध्याकाळी मोजायला तेवढा यायचा.

तरी पाट्या मात्र दर अमावस्येच्या संध्याकाळी चिखलानं भरलेल्या असायच्या. त्यामुळे प्रत्येकाला वाटे, आपण नसलो तर काय झालं, बाकीचे राबताहेत ना!

घाटाच्या पायऱ्या गाळात बुडत चालल्या होत्या. पंधराच्या तेरा झाल्या, तेराच्या अकरा, अकराच्या आठ. हे बायकांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण त्या एकमेकींना म्हणायच्या, "बरंच झालं बाई! आता एवढं खाली उतरावं लागत नाही." आज हे आठवलं की हसू येत नाही.

गावात एक म्हातारी सुईण होती. तिला सगळे सुईणआजी म्हणत. निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. ती एकटी राहायची आणि एकही अमावस्या चुकवायची नाही. चैत्राची अमावस्या चार दिवसांवर आली तेव्हा ती आपली पाटी घेऊन बुरुडाच्या अंगणात आली. पाटीचं बूड पार गेलं होतं.

"एवढं बूड विणून दे रे बाबा," ती म्हणाली. "माती वरनं टाकली की खालनं पायावर पडते."

"ठेवून जा आजी," बुरूड मान वर न करता म्हणाला. "ही सुपं हातावेगळी करतो आणि बघतो."

"ठेवून गेले तर अमावस्येला काय नेऊ?"

"मग अमावस्येला मीच तिकडं येतो. बांबूच्या काड्या घेऊन येतो आणि तिथंच बसून विणतो. मग तर झालं?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. "खरंच ये रे," ती म्हणाली. "पाटी नको पाठवू, तू ये. पाटीला का हात असतात?"

"येतो म्हटलं ना आजी! शब्द दिला."

अमावस्येच्या सकाळी बुरूड खरंच निघाला होता. काड्या भिजवून मऊ केल्या होत्या, त्यांची जुडी खांद्यावर होती. तेवढ्यात शेजारगावचा गाडीवान दारात येऊन उभा राहिला. "लग्न उद्यावर आलं," तो म्हणाला. "पाच सुपं अजून कमी आहेत. आत्ता विणून दिलीत तर घेऊन जातो."

बुरुडानं तळ्याच्या वाटेकडे पाहिलं आणि गाडीकडे पाहिलं. मग खांद्यावरची जुडी खाली ठेवली. त्याच काड्यांची सुपं विणली. आपली पाटी बायकोबरोबर बांधावर पाठवून दिली. एका बुडाचं काय, पुढच्या खेपेला विणू, असं त्यानं मनाला सांगितलं. मन काय, सांगितलं की ऐकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर रांग लागली. पाटलानं सांगितलं, "काल चाळीस पाट्या चिखलानं भरलेल्या होत्या. एकच कोरडी होती. सुईणआजीची."

झालं! सुईणआजी रांगेच्या शेवटी उभी राहिली. चैत्रातलं ऊन तिच्या डोक्यावर चढत चाललं होतं. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "काय आजी, काल दिवसभर झोपा काढल्या वाटतं?" सगळे हसले. पाण्याची कावड घेऊन आलेला बुरूडही हसला. आजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि घागर कडेवर सावरली. तिची घागर भरेपर्यंत दुपार झाली होती.

दोन दिवसांनी ती तापानं पडली आणि आठवड्याच्या आत गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. तिची पाटी बुरुडाच्या अंगणात आणून ठेवली, कारण तिला कुणी नव्हतं आणि पाटी त्यानंच विणलेली होती. पाटीच्या बुडाशी पळसाची पानं आणि लुगड्याचा तुकडा कोंबलेला होता. बुरुडानं ती ओट्याखाली सारली. त्याला ती समोर नको होती.

मग वैशाखाची अमावस्या आली. सकाळी चाळीस पाट्या बांधावर आल्या. संध्याकाळी पाटील फेरी मारायला गेला आणि पहिल्याच पाटीशी थबकला. पाटी कोरडी होती. दुसरी कोरडी. तिसरीही कोरडी. तो टोकापर्यंत चालत गेला. चाळीसच्या चाळीस पाट्या सकाळी ठेवल्या तशाच होत्या.

सगळं गाव बांधावर गोळा झालं.

"मला वाटलं कुंभार आहे," सुतार म्हणाला.

"मी कुठला? मला वाटलं वाणी आहे," कुंभार म्हणाला.

"मी तर दोन वर्षं आलेलो नाही," वाणी खाली बघत पुटपुटला.

"मग गेल्या खेपेला पाट्या चिखलानं भरलेल्या कशा होत्या?" पाटलानं विचारलं.

 उत्तर प्रत्येकाला कळत होतं. गेल्या अमावस्येला या बांधावर एकच माणूस होतं. त्याची स्वतःची पाटी फुटकी होती, म्हणून ते दुसऱ्यांच्या पाट्या एकेक करून गाळानं भरत होतं आणि बांध चढत-उतरत होतं. दर घराच्या पाटीची एक खेप, म्हणजे कुणाचंच घर रांगेत शेवटी जायला नको. आपल्या हातावर जन्मलेली लेकरं लाजेनं मान खाली घालून उभी राहिलेली सुईणआजीला बघवली नसती. यात तिचंही चुकलंच म्हणायचं. तिनं गावाची लाज झाकली नसती, तर गावाला ती वेळेवर वाटली असती.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती गावानं. आणि वर हसलंही होतं.

बुरूड घरी आला, ओट्याखालची पाटी काढली आणि अंगणात बसून तिचं बूड विणलं. एवढंसं तर काम होतं. चूल पेटून भाकऱ्या होईपर्यंत झालं. विणून झाल्यावर ती पाटी मांडीवर घेऊन तो लहान पोरासारखा रडला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण तळ्यात पाणी मावायला जागाच कुठं होती? येईल तेवढं सांडव्यावरून वाहून गेलं. पुढच्या होळीलाच तळं आटलं. घाटाच्या फक्त पाच पायऱ्या दिसत होत्या आणि पाचवीखाली तडे गेलेली जमीन होती. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. सात घरं गाडीत सामान भरून निघून गेली, ती परत आली नाहीत.

उरलेली माणसं मात्र तळ्यात उतरली. या खेपेला पाट्या नाही, माणसं मोजली. अमावस्येमागून अमावस्या गेली, वर्षांमागून वर्षं गेली. सहावी पायरी सापडली, मग सातवी. बुरूड म्हातारा झाला तेव्हा बारावी पायरी वर आली होती. खालच्या तीन अजून गाळातच आहेत.

बुरूड शेवटपर्यंत सुईणआजीची पाटी घेऊन तळ्यावर जायचा. त्याच्याएवढा गाळ कुणी काढत नसे. तरी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पाणी भरताना तो रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राही.

"आजोबा, तुमची पाटी तर काल चिखलानं भरली होती," एकदा एका मुलीनं त्याला म्हटलं. "पुढं या ना."

"राहू दे बाळा," बुरूड म्हणाला. "ही माझी फार जुनी पाळी आहे. मी तेव्हा दुसऱ्या कुणाला उभं केलं होतं इथं."

तात्पर्य: सगळ्यांच्या कामाला आपलं नुसतं नाव पाठवलं, तर आपल्या वाटचं ओझं कुणीतरी मुकाट्यानं वाहत असतं. ते माणूस आहे तोवर त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं. नंतर केलेल्या कामानं तळं भरतं, पण चुकलेली वेळ भरून येत नाही.