नायकाने कापलेला दोर

पूर्वी कुंडिनगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका उंच कड्याखाली, मध काढणाऱ्यांच्या पाड्यावर जन्मले आणि पुढे त्या पाड्याचे नायक झाले. मधासाठी तिथला माणूस सालीच्या दोराने कड्यावरून खाली उतरत असे. वर दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानेच, असा रिवाज होता. सख्ख्या बहिणीचे कुंकू कोण पुसेल? तरीही उतरणारा आधी दोर हिसडून बघे. मेहुण्यांचा काय भरवसा, असे लोक हसत म्हणत.

नायकाच्या बहिणीचा, मेखलेचा, नवरा पिंगल पाड्यात सर्वांत चपळ आणि तितकाच वाचाळ. दोर वळणारे नायक, धरणारेही नायकच. कड्यावर लोंबकळतानाही पिंगल ओरडे, “दादा, पोटभर जेवलात ना? हात ढिले पडायचे!” मनातून मात्र त्याचा नायकावर फार जीव होता.

एकदा राजाचा अधिकारी आला. राजमातेचे मोठे व्रत पुरे होत होते आणि दुसऱ्या सकाळी तिचे पारणे कड्यावरच्या मधाने व्हायचे होते. मध वेळेवर पोचला तर रान कायमचे पाड्याचे, नाहीतर ते दुसऱ्या टोळीला जाणार होते.

पिंगलने कमरेला दोर बांधला, सवयीने हिसडला आणि तो कड्याच्या टोकाशी गेला. तेवढ्यात दोर हातातून सोडता सोडता नायक थबकले.

“दाजी, मागे या. या पेडात भिजून सडलेली साल गेली आहे. वळताना मी घाई केली. आत्ता हाताला लागली.”

पिंगल टोकापासून मागे सरला. अधिकारी चिडला. त्याने दोराला माणसाएवढा धोंडा बांधून खाली सोडायला लावला. दोर तुटला नाही.

“धरतो आहे की! उतरव त्याला,” तो नायकांना म्हणाला.

पाड्यावरची माणसेही कुजबुजू लागली. स्वतःचेच नाक कापून घेणारा हा कसला नायक! पिंगलला रान दिसत होते, पोरेबाळे दिसत होती. तो हळूच म्हणाला, “दादा, एकदाच उतरतो. रान जाईल हो.”

“धोंड्याला माश्या चावत नाहीत, दाजी. तुम्ही तडफडाल.” असे म्हणून नायकांनी कोयता उचलला आणि सर्वांदेखत दोराचे दोन तुकडे केले. मग ते अधिकाऱ्याला म्हणाले, “राजाला सांगा, चूक नायकाची आहे, पाड्याची नाही.”

अधिकारी पाय आपटत निघून गेला. नायक एकटेच नवी साल सोलायला बसले. आधी मेखला येऊन शेजारी बसली. मग पिंगल आला. तोही साल सोलू लागला. बघता बघता सारा पाडा दोर वळू लागला.

दुसऱ्या दिवशी मध काढून ते नगरात पोचले, तेव्हा सूर्य मावळत होता. पारण्याची वेळ केव्हाच टळली होती. पण अधिकाऱ्याकडून सारे ऐकून राजमाता त्या मधासाठी अजून उपाशीच बसून होती.

“दोर कापणारा तूच का रे, बाळा?” तिने विचारले. नायकांनी मान खाली घातली.

रिवाजाप्रमाणे मध चाखून बघायला सेवक पुढे झाला. म्हातारीने त्याला हाताने थांबवले. “कड्यावरचा मध कधी विषारी निघतो, हे मला ठाऊक आहे. पण हा मध विषारी असता, तर याने तो इथवर आणलाच नसता.” आणि तिने बोट बुडवून मध जिभेवर ठेवला. राजाने तिथल्या तिथे रान पाड्याला दिले.

पुढच्या हंगामात पिंगल कड्याच्या टोकाशी गेला, नायकांकडे पाहून हसला आणि दोर न हिसडताच खाली उतरला.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाची मेखला आज उत्पलवर्णा आहे, राजमाता महाप्रजापती आहे आणि वाचाळ पिंगल आपला आनंद आहे. तो अधिकारी कोण, हे मी सांगणार नाही. तो इथेच बसून मान खाली घालून हसतो आहे. नायक मीच होतो. माणसे ज्याच्या भरवशावर कडा उतरतात, त्याने आपल्या दोरातला दोष आधी स्वतः सांगावा. हीच सत्यपारमिता.”