जावयाला पाठ नसलेला डाव

रणधीररावांचा कुस्तीचा शो म्हणजे लाल दिवे, धूर, डरकाळ्या आणि शेवटी जावयाचा विजय. पोस्टरवर जावई, बनियनवर जावई, अन् मानाचा पट्टाही जावयाच्याच कमरेला. त्याच्यासमोर उतरणाऱ्या धोंडू कोळेकरासाठी अख्खा माळ शिट्ट्या मारायचा, पण धोंडू आपला दर खेपेला आडवा. आज हरला की त्याला कायमचा घरी धाडणार, अशी कुजबुज होती.

पहिल्या रांगेतल्या बनाक्कानं शेंगदाण्याची पुडी बाजूला ठेवली. शेवटी ती ओरडलीच, "कुस्ती कसली ही? हे तर जावयाला धोंड्याचं वाण!"

रणधीररावांना मिरची झोंबली. माईक हिसकावून ते गरजले, "आक्का, तालमीतल्या कुस्तीत पाठीवर निकाल, तसा आमच्याही कुस्तीत पाठीवरच! फरक दाखवा. पटला तर आज तुम्ही म्हणाल तो जिंकेल. नाही पटला तर पुन्हा या तंबूत पाऊल टाकायचं नाही!"

बनाक्कानं पदर खोचला. "सोपं हाय की, मालक. तालमीत पाठ लावत्यात, तुमच्यात पाठ करत्यात!"

माळ असा हसला, की तंबूचे खुंटे हलले. शब्द तर माईकवरून दिलेला. ओठ चावत राव म्हणाले, "बरं. आज धोंडू जिंकेल."

घंटा वाजली. धोंडूनं दंड थोपटले. जावईबापू मात्र रिंगणाच्या मधोमध खांबासारखे ताठ. मग घाबरेघुबरे होत सासऱ्यांकडं वळून म्हणाले,

"मामा, पडायचं कसं? तेवढं मला पाठ नाही!"