वडाखालची पुरचुंडी

प्राणी कवड्या देऊन बाजार करत, त्या फार पूर्वीच्या काळी रेवा नावाची एक खार होती. दोन कवड्यांत आले तेवढे मूठभर दाणे घेऊन ती पिलांकडे निघाली, तोच वडाखाली तिला पानात बांधलेली पुरचुंडी दिसली. उघडून पाहते तर आत कवड्याच कवड्या!

"ठेवून घे गं," फांदीवरचा कावळा म्हणाला. "त्यावर कुणाचं नाव थोडंच आहे?"

रेवाला मोह झाला. पिलांचं सगळं वर्ष पोटभर गेलं असतं. पण एवढ्या जपून बांधलेली पुरचुंडी घेऊन तिचा पाय निघेना. ती तिथंच बसून राहिली.

दिवस कलला तेव्हा म्हातारी घोरपड जमीन हुंगत आली. "पोरी, पळसाच्या पानाची, दोन गाठींची पुरचुंडी दिसली का गं? झऱ्याचा गाळ काढायला घरोघर फिरून वर्गणी जमवली होती. आता वस्तीला काय तोंड दाखवू?"

"ही घ्या आजी."

घोरपडीला रडूच फुटलं. तिनं रेवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती लगबगीनं वस्तीकडे गेली.

कावळा हळूच खाली उतरला. "रेवा, मागच्या बाजारात मलाही एक कवडी सापडली होती. कुणाची असेल गं ती?"

"चल," रेवा म्हणाली, "विचारत जाऊ."